तीन वाजेपर्यंत

"म्हशीला खुर्ची लावा," आमचे हे म्हणाले, "म्हणजे पाऊस दर देतो."

समोर दोन वार्ताहर बसले होते. त्यांच्या शेजारी माझे धाकटे दीर जयसिंग आणि ह्यांची भाषणं लिहून देणारे गुजर सर. मी भडंगाची ताटली घेऊन आतल्या दारात उभी होते. चौघांपैकी एकाच्याही कपाळावर आठी पडली नाही. गुजर सरांनी तर ते वाक्य टिपून घेतलं.

"म्हणजे आबा, दरवाढ येणार असं समजायचं का आम्ही?" एका वार्ताहरानं विचारलं.

"आबा सूचक बोलतात," गुजर सर म्हणाले. "तुम्ही सूचक असंच लिहा."

हे पुढं आणखी काही बोलले. त्यात बादली होती, विरोधक होते आणि एक असा शब्द होता, जो कुठल्याच भाषेत नाही. भावजींनी मान डोलावली. तेवढ्यात ह्यांच्या उजव्या हातातला कप कलला आणि चहा मांडीवर सांडायला लागला. वाफाळता चहा, दुसरा कुणी असता तर किंचाळून उठला असता. हे नुसते बघत राहिले, परक्याच्या मांडीवर सांडतोय तसं.

मी पुढं जाऊन कप काढून घेतला. "अहो, हात वर करा बघू," म्हटलं. हात वर झाला नाही. तोंडाचा उजवा कोपरा जरा ओघळला होता. भावजी माझ्याकडे असे बघत होते, की जणू मीच काही अमंगळ करतेय. मग, माझ्या डोळ्यांदेखत, बोटं हलली, ओठ जागेवर आला आणि हे म्हणाले, "हां, तर काय सांगत होतो मी?"

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं : दूध दरवाढीचे हणमंतराव शेवाळे यांच्याकडून सूचक संकेत.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्या बैठकीतल्या माणसांविषयी माझं मत तेव्हा बनलं ते बनलं. माणूस डोळ्यांसमोर खचत होता आणि त्यांना त्यात संकेत दिसत होते.

आमचे हे तालुक्याच्या दूध संघाचे चेअरमन. तिसऱ्यांदा उभे राहायच्या तयारीत. मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. हे चेअरमन झाले त्या वर्षी मला राजीनामा द्यायला लावला. "चेअरमनची बायको पोरींसमोर बेडूक फाडती, बरं दिसतंय व्हय?" असं म्हणाले होते. तेव्हापासून मी चहा पाठवणं, हळदीकुंकवाला उद्घाटक म्हणून बसणं आणि सत्काराचे नारळ कपाटात रचणं ही कामं बघत होते. नारळ फार झाले की वास यायचा.

त्या दिवशी संध्याकाळी मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवू या."

"कशाला? पित्त झालं हुतं."

"पित्तानं हात लुळा पडत नाही. बोलणं बिघडत नाही."

"बोलणं बिघडलं?" ह्यांनी भावजींकडे बघितलं. "काय रं जयसिंग, बिघडलं हुतं का?"

"छे! उलट आज जास्त जोरात बोलला, आबा."

आणि हे हसले. ओठाखालची तंबाखू थुंकून आले आणि जेवायला बसले. तांबड्या रश्श्यावर बोटभर तवंग होता, तो भाकरीनं टिपून घेतला. आमच्या घरात तो तवंग म्हणजे मान. पाहुण्याला पातळ रस्सा वाढणं आणि उंबऱ्यातून हाकलणं ह्यात फरक मानत नाहीत.

ह्यांना दवाखान्यात नेलं ते माझ्या शब्दानं नव्हे, केबलवाल्यानं. गावच्या केबलवर ह्यांच्याच सत्काराचं चित्रण दाखवत होते. हे आरामखुर्चीत बसून स्वतःला बघत होते. मध्येच म्हणाले, "टीव्ही बिघडला. पडदा खाली यायला लागलाय."

"टीव्ही नीट आहे," मी म्हटलं.

ह्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. डावा डोळा झाकला की चित्र दिसायचं; उजवा झाकला की काळोख. थोड्या वेळानं पडदा आपोआप वर गेला. पण ह्यांचा चेहरा उतरला. माणसाला हात गेल्याची भीती वाटली नाही, वाचा गेल्याची वाटली नाही. स्वतःचा सत्कार दिसेना, तेव्हा वाटली.

निवडणूक तोंडावर असल्यामुळं आम्ही मिरजेला चोरासारखे गेलो. भावजींनी गाडीच्या काचांवर पडदे लावले होते. तिथल्या एका रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टर होत्या, नसरीन बागवान. चाळिशीच्या आतबाहेर, बारीक अंगकाठी, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावून संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं.

"ही तुमच्या मानेतली डावी रक्तवाहिनी," त्या म्हणाल्या. "हिच्यातूनच डाव्या डोळ्याला आणि मेंदूच्या डाव्या भागाला रक्त जातं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, सगळं त्या भागाच्या ताब्यात. इथं बघा, वाट किती अरुंद झालीय."

"कचरा साठलाय म्हणा की," हे म्हणाले.

"नळात साठतो तसा नाही. नळाचा पत्रा मेलेला असतो, रक्तवाहिनीची भिंत जिवंत असते. तिला आतून एक अस्तर असतं, अगदी नाजूक. रक्तदाब आणि तंबाखू त्या अस्तराला जायबंदी करतात. मग रक्तातली चरबी त्याच्या खाली शिरते, भिंतीच्या आत. ती खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन तिथंच मरतात. त्यांचा लगदा होतो. वरून एक साय धरते."

साय म्हटल्यावर हे खूश झाले. "मॅडम, दूध संघाचा चेअरमन हाय मी. फॅटचं मला नका शिकवू. जितकी फॅट, तितका दर."

"तुम्ही म्हशीची फॅट विकता," डॉक्टर म्हणाल्या. "ही तुम्ही साठवलीय."

मला हसू आलं. भावजींनी माझ्याकडे डोळे वटारले.

"पण मग इतकी वर्षं काहीच कसं जाणवलं नाही?" मी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. त्या खोलीतला पहिला प्रश्न मी विचारला होता. "कारण भिंत आधी बाहेरच्या बाजूला फुगते. आतली वाट तेवढीच राहते, रक्त वाहत राहतं, माणसाला वाटतं आपण ठणठणीत. भिंत मात्र आतून सडत असते. मग कधीतरी ती साय फाटते. रक्ताला वाटतं, जखम झाली. ते आपलं काम करतं, तिथं गोठतं. त्या गुठळीचा तुकडा सुटून वर जातो. छोटा असला तर विरघळतो. तुमचे दोन तुकडे विरघळले. एक हाताकडं गेला होता, एक डोळ्याकडं."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्याचं मी सांगू शकत नाही." त्यांनी दुसरं चित्र लावलं. "ही मेंदूच्या आतली वाहिनी. इथंही तेच सुरू झालंय. निरोगी भिंत प्रत्येक ठोक्याला थोडी ताणली जाते, परत जागेवर येते. ही ताठ झालीय. हिच्यातून केसासारख्या बारीक फांद्या फुटतात, त्यांची तोंडंही बुजायला लागलीत. इथं आपला चाकू जाणार नाही, इथं गोळ्या आणि पथ्य. पण मानेतलं मोकळं करता येईल. ह्याच आठवड्यात करू या. थांबण्यासारखं नाही."

"निवडणूक झाल्यावर बघू," भावजी म्हणाले.

"निवडणूक कुणाची?"

"आबांची. दूध संघाची."

डॉक्टरांनी संगणक बंद केला. "मी तुम्हाला घाबरवत नाही. फक्त एक सांगते, परत असं काही झालं, हात, बोलणं, तोंड, काहीही, तर घड्याळ बघायचं आणि थेट इकडं निघायचं. सुरुवातीच्या थोड्या तासांत गुठळी विरघळवायचं औषध देता येतं. पुढं नाही देता येत. तेवढ्या वेळात मेंदू मरत असतो, तो परत उगवत नाही."

परत येताना गाडीत हे गप्प होते. मला वाटलं, डोक्यात शिरलं. वडगावच्या फाट्यावर म्हणाले, "मान कापायला देऊ म्हणती! मताच्या तोंडावर मानेला पट्टी बांधून फिरू? समोरच्या पार्टीतल्या खोताचं पोरगं म्हणंल, शेवाळ्याचा गळा कुणी कापला?" भावजी खो खो हसले. मग हे माझ्याकडं वळून म्हणाले, "तू बेडूक फाडायचीस, आता मला फाडायला निघालीस."

मी म्हटलं, "बेडकात निदान काळीज तरी सापडायचं."

त्यावर गाडीत कुणी हसलं नाही.

गोळ्या मी रोज हातात द्यायची, त्या कधी घ्यायचे, कधी खिडकीतून फेकायचे. भावजींनी कुठूनसा एक काढा आणला. लसूण, आलं, लिंबू, मध आणि आणखी काहीबाही. म्हणे धमन्या धुऊन काढतो. हे तो काढा सकाळी डोळे मिटून, तीर्थासारखा प्यायचे आणि दुपारी मटणावर ताव मारायचे. गुजर सर दोन्ही वेळा पंगतीला. म्हणायचे, "आबा, चेहऱ्यावर तेज आलंय." ह्या माणसानं आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर भाषेचा असा उकिरडा केला. मला त्याच्याइतकी कुणाचीच किळस आली नाही. भावजी निदान लोभी होते, लोभ समजतो. गुजर सरांना एक वेळचं जेवण आणि पहिल्या रांगेतली खुर्ची पुरायची.

ह्या सगळ्यात निवडणुकीचं गणित असं जमलं की ह्यांच्या मतदार गटात बळवंत खोत हा एकच विरोधक उरला. भावजींनी त्याच्याशी बोलणी केली. त्याच्या मुलाला पुढल्या खेपेला संचालकपद, आणि त्यानं आता अर्ज मागं घ्यायचा. हे बिनविरोध. माघारीची मुदत होती त्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत. आधी आमच्याकडं चहा, हार, एकत्र फोटो; मग खोत तालुक्याला जाऊन सही करणार.

अंगणात मांडव घातला होता. खोत त्याची मोठी पांढरी गाडी घेऊन जेवणाआधीच आला, सोबत त्याची माणसं. आमची माणसंही होतीच. एकमेकांना वर्षभर शिव्या घातलेले लोक एकाच ताटातल्या जिलब्या खात होते. हे वर माडीवर फेटा बांधून घ्यायला गेले.

मी चहाचं बघत होते. बराच वेळ झाला तरी हे खाली येईनात, म्हणून वर गेले. माडीचं दार लोटलेलं होतं. ढकललं, तर आतून भावजींनी अडवलं.

"वैनी, खाली जा. आबा येत्यात."

त्यांच्या खांद्यावरून मला पलंग दिसला. ह्यांना आडवं केलं होतं. फेटा अर्धा बांधलेला, उरलेलं कापड जमिनीवर लोळत होतं. गुजर सर कांदा फोडून नाकाशी धरत होते. मी भावजींना बाजूला सारून आत गेले.

उजवा हात छातीवरून घरंगळून पलंगाबाहेर लोंबत होता. तोंड एका बाजूला गेलेलं, लाळ उशीवर. डोळे मात्र उघडे, पूर्ण शुद्धीत. माझ्याकडं बघत होते. ओठ हलवायचा प्रयत्न करत होते आणि घशातून नुसता "त... त..." येत होता.

"केव्हा झालं?"

"आत्ताच," गुजर सर म्हणाले.

"आत्ताच म्हणजे केव्हा?"

ते भावजींकडं बघायला लागले. मी कांदा त्यांच्या हातातून घेऊन खिडकीबाहेर फेकला.

"गाडी काढा," मी म्हटलं. "मिरजेला फोन करा."

भावजींनी दाराला कडी घातली. "वैनी, हळू बोला. खाली खोत बसलाय."

"बसू दे."

"अवो, त्याला कळलं तर तो अर्ज मागं घील का? मेलेल्या म्हशीला कोण चारा घालतंय? तीनपर्यंत कळ काढा. तीन वाजले की आबा बिनविरोध. मग मिरज काय, ममईला नेऊ. इमानानं नेऊ."

"तीनपर्यंत ह्यांचा मेंदू मरेल. डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलं नव्हतं?"

"डाक्टर लोक घाबरवत्यात. मागच्या खेपेला आपसूक उतरलं न्हवं?" ते पलंगाशी वाकले. ह्यांचा डावा हात हातात घेतला. "आबा, तुम्हीच सांगा. थांबूया न्हवं तीनपर्यंत?"

ह्यांनी भावजींचा हात घट्ट दाबला.

"बघा!" भावजी म्हणाले. "आबा हो म्हणत्यात."

मला ते पटलं नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, त्याला होकार म्हणत नाहीत. त्या क्षणी ह्यांच्या हाताशी विळा असता तर तोही दाबला असता. मी ह्यांच्या डोळ्यांत बघितलं. पाणी भरलं होतं. मला त्यात भीती दिसली, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन पहिल्यांदा दया आली. प्रेम म्हणणार नाही. शाळेत एखादी आडदांड पोरगी पाय मोडून पडली की वाटायची, तशी दया.

"गाडीची चावी द्या," मी भावजींना म्हटलं.

"न्हाई."

"दारातून बाजूला व्हा."

"वैनी, घराण्याचा प्रश्न हाय."

ते दारातून हलणार नव्हते. पण त्या खोलीला आणखी एक दार होतं, पुढच्या सज्जात उघडणारं. ह्यांनी तो सज्जा कार्यकर्त्यांना हात हलवून दाखवायला बांधून घेतला होता. मी तिकडं गेले आणि कठड्याला हात टेकून उभी राहिले. खाली मांडव, जिलब्या, फेटे. आधी कुणी वर बघितलंच नाही. चेअरमनची बायको सज्जात, म्हणजे काहीतरी वाळत घालत असणार.

वर्गात आवाज चढवायची मला सवय होती. इतक्या वर्षांनी तो सापडेल की नाही, शंका होती. सापडला.

"खोत!"

सगळ्या माना वर झाल्या.

"ह्यांना अर्धांगवायू झालाय. तोंड गेलंय, हात गेलाय. तुमची गाडी मोठी आहे. चौघं जण वर या आणि ह्यांना उचला. मिरजेला न्यायचंय, आत्ता."

खोत जिलबी हातात धरून वर बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय सरकून गेलं, ते मला वरून स्वच्छ दिसलं. आधी धक्का, मग हिशेब, मग आनंद, आणि शेवटी, लोक बघतायत हे लक्षात आल्यावर, दुःख. त्यानं जिलबी ताटात ठेवली, हात धोतराला पुसले आणि ओरडला, "अरं बघताय काय? उचला आबाला!"

माझ्या मागं भावजी डोकं धरून मटकन खाली बसले होते. "वैनी, वाटोळं केलंत," म्हणत होते. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा कडी त्यांनीच काढली. आणि जिन्यावरून ह्यांना खाली आणताना सगळ्यात पुढं, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, आमच्या आबाला वाट द्या," असं रडत ओरडणारेही तेच होते.

गाडीत मागच्या सीटवर ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. पुढं ड्रायव्हरशेजारी खोत. गाव सुटेपर्यंत त्यानं दम धरला. मग मोबाइल काढला.

"हां, ऐक. अर्ज मागं घ्यायचा न्हाई. ... न्हाई म्हटलं न्हवं! ... अरं, देवाची करणी. नंतर सांगतो." फोन ठेवून मागं वळून म्हणाला, "वैनीसाहेब, काळजी करू नका. आबा मला थोरल्या भावासारखं."

मी म्हटलं, "भाऊ कसा असतो ते आम्ही घरीच बघून आलोय. तुम्ही गाडी जोरात घ्यायला सांगा."

माझ्या मांडीवर हे खोताकडं बघत होते. ऐकू येत होतं, कळतही होतं. घशातून परत "त... त..." आलं. मला वाटलं, तहान लागलीय. गिळता येणार नाही म्हणून रुमाल ओला करून ओठांना लावला. ह्यांनी डाव्या हातानं तो ढकलून दिला.

आम्ही वेळेत पोचलो. डॉक्टर बागवान दारातच होत्या, वाटेतून मी त्यांना फोन केला होता. आत नेऊन शिरेतून औषध सुरू केलं. संध्याकाळी त्या बाहेर आल्या, माझ्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "जीव वाचला. पाय येईल, हातही बऱ्यापैकी येईल. बोलण्याचं आत्ता सांगता येत नाही. आणखी तास-दीड तास उशीर झाला असता, तर ह्यातलं काहीच आलं नसतं." मग म्हणाल्या, "तुम्ही आणलंत म्हणून."

मी तेव्हा रडले. इतकं साधं वाक्य मला कितीतरी वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. पुढं प्रकृती जरा सावरल्यावर त्यांनी मानेचं ऑपरेशनही करवून घेतलं. ते करायला आता कुणाची हरकत नव्हती. आता ह्यांच्या मानेशी कुणाला कर्तव्य नव्हतं.

खोत निवडून आला. महिनाभरात चेअरमन झाला. जयसिंगभावजी व्हाइस चेअरमन. पेढे घेऊन आले होते, म्हणाले, "आबांचंच काम पुढं न्यायचं म्हणून पद घेतलं." गुजर सर खोताची भाषणं लिहायला लागले. आमच्या अंगणातला मांडव निघाला, तसे लोकही निघाले. एक कुत्रं तेवढं जिलब्यांच्या आशेनं बरेच दिवस येत राहिलं. त्याच्याबद्दल मला आदर आहे.

पाय आला. काठी घेऊन हे अंगणात फिरायला लागले. वाचा येईना. चमत्कारिक गोष्ट म्हणजे आरती सबंध म्हणायचे, शिव्या तर अस्खलित द्यायचे, पण पाणी हवं असेल तर "पाणी" म्हणता यायचं नाही. डॉक्टर म्हणाल्या, पाठ झालेलं आणि रागाचं मेंदूत दुसरीकडं असतं, ते वाचलंय. मनातलं जुळवून बोलायचं, ते शिकवावं लागेल. रोज, लहान मुलासारखं.

मी अंकलिपी आणली. पुन्हा शिक्षिका झाले. रोज सकाळी चहानंतर आम्ही ओसरीवर बसायचो. मी चित्रावर बोट ठेवायची : कप. घर. हात. हे घामेघूम व्हायचे, "क... क..." करायचे, मग अंकलिपी भिरकावायचे आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, तो मात्र एका दमात, शुद्ध. मी अंकलिपी उचलून आणायची आणि परत त्याच पानापासून सुरू करायची. चिडायची नाही. माझ्या मनात एक समजूत होती, तिच्यावर मी ते दिवस काढत होते. वाटायचं, ह्या माणसाला काहीतरी सांगायचंय. माझ्याकडं बघताना ह्यांचे डोळे भरून यायचे, ओठ थरथरायचे, तोच "त... त..." यायचा. मला वाटायचं, वाचा आली की पहिल्यांदा तेच बाहेर पडेल. काय असेल, ह्याचा मी अंदाज बांधून ठेवला होता. शेजारच्या बायकाही म्हणायच्या, "काकी, आता कळली असंल त्यांना तुमची किंमत."

हळूहळू एकेक शब्द यायला लागला. कप आला, घर आलं, माझं नाव आलं, कुमुद. मग दोन शब्दांची जोडी. "चहा दे." "काठी कुठं." मी डॉक्टरांना फोनवर कळवायची आणि त्या माझ्याइतक्याच आनंदायच्या. म्हणायच्या, "पूर्ण वाक्य आलं, कालवाचक क्रियापदासकट, की मला लगेच सांगा. त्याचा अर्थ मेंदूनं नवी वाट काढली."

एका सकाळी चित्रात घड्याळ होतं. मी बोट ठेवलं. "हे काय?"

हे चित्राकडं बघत राहिले. मग अंकलिपी मिटली, भिरकावली नाही, नीट मिटून बाजूला ठेवली. माझा हात धरला. डोळे भरून आले. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. मदत करायची नाही, शब्द सुचवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तीन..." हे म्हणाले. "तीनपर्यंत... थांबायचं होतंस."

आणि रडायला लागले. हमसून हमसून रडले. बिनविरोध व्हायचं राहून गेलं म्हणून.

मी हात सोडवून घेतला. चहाचे कप आत नेऊन ठेवले, विसळले. मग मिरजेला फोन लावला.

"डॉक्टर, वाक्य आलं."

"अरे वा! पूर्ण?"

"पूर्ण."

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. डॉक्टर बागवान हळूच म्हणाल्या, "क्रियापद बरोबर आहे."

"हो," मी म्हटलं. "काळही बरोबर आहे. कर्ता तेवढा अध्याहृत आहे. पण त्याची मला सवय आहे."